मेट्रो 3: धर्माची गाय नाहीये म्हणून दात मोजले

रविवारी आईला घेऊन आरे ते कफ परेड मुंबईची अख्खी अ‍ॅक्वा लाइन, म्हणजे मेट्रो 3, केली. 33.5 किलोमीटर, साधारण तास लागतो, तिकीट माणशी 70 रुपये. एसी मस्त, गाडी चालू आहे का थांबलीय कळत नाही आणि आईला चढल्या चढल्या जागा मिळाली म्हणजे अर्धा रिव्ह्यू तिथेच झाला. तिचं माहेर गिरगाव, इतकी वर्षं चर्नी रोडला उतरून पिशव्या घेऊन चालत जायची, आता गिरगाव आणि काळबादेवीला डायरेक्ट स्टेशन बघून तिने तीनदा विचारलं, इथेच उतरायचं ना गं?

तक्रार एकच. स्टेशनं खूप खोल. सरकता जिना, मग परत जिना, मग लांबलचक चालणं. लिफ्ट आहे पण ती शोधेपर्यंत गुडघ्यांचं व्हायचं ते होतंच. आणि ज्याला लोकलचं 10 रुपयांचं तिकीट माहितीय त्याला 70 टोचणारच ना. मी हे बोलले तर आई म्हणाली, "धर्माची गाय आन दात का नाय! जपानने दिलीय ना फुकट?"

नाही दिली गं बाई. हे बऱ्याच जणांना असंच वाटतं म्हणून लिहितेय. सुधारित खर्च 37,276 कोटी, त्यातले 57 टक्क्यांच्या आसपास जपानच्या जायका (JICA) या सरकारी संस्थेचं कर्ज, पहिला करार 2013 चा. कर्ज म्हणजे परत करायचं. आणि डबे जपानी पण नाहीत, आंध्रातल्या श्री सिटीत बनलेत, बोगदे खणणाऱ्यांत आपल्या कंपन्यांबरोबर चिनी आणि तुर्की पण होत्या. म्हणजे पैसे एकाचे, मशीन दुसऱ्याचं, घाम आपला आणि हप्ते पण आपलेच.

गंमत म्हणजे 1958 मध्ये जपानने पहिल्यांदा येनमध्ये कर्ज दिलं ते भारतालाच, आणि तेव्हा ते स्वतः पण उधारीवरच होते, 1961 ला बुलेट ट्रेनसाठी वर्ल्ड बँकेकडून 8 कोटी डॉलर घेतले. आता त्यांच्याकडे पण भाषा बदललीय, 2015 ला दुसऱ्या देशांना मदत देण्याच्या त्यांच्या धोरणाच्या, म्हणजे चार्टरच्या, नावातून 'असिस्टन्स' गेलं आणि 'कोऑपरेशन' आलं. नुसतं नाव बदलून काय होतं म्हणा, पण पार्टनर म्हटलं की दात मोजता येतात एवढं खरं. आरेतली झाडं 2019 ला याच मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत पाडली ते पण त्या हिशोबात धरायला पाहिजे, गारेगार डब्यात बसलं की विसरायला होतं.

पाचपैकी चार स्टार. एक जिन्यांचा कापला. (परत येताना रिक्षावाल्याने मीटर टाकायला नाही म्हटलं, तो वेगळा विषय.)

घरी येऊन आईला सांगितलं, आता आपण पण देतो, मॉरिशसची मेट्रो 2019 ला सुरू झाली ती भारताच्या पैशावर, थोडं अनुदान थोडं कर्ज, तिथे मराठी लोक पण आहेत, त्यांच्यातली एखादी आजी पण म्हणत असेल भारताने दिलीय, गप बस. आईने विचारलं, ती पण एवढी खोल आहे का? म्हटलं नाही, बरीचशी जमिनीवरूनच जाते.

"बघ. दुसऱ्याला देताना बरं सुचतं."