बायपासनंतरची प्रोटीन पावडर : माझी झालेली फसवणूक

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील एका रुग्णालयात माझी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर केली जाणारी, शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी माझे वजन ११४ किलो होते, अकरा वर्षांपासून मधुमेह होता आणि जिना चढताना दर चार पायऱ्यांनंतर थांबावे लागत होते. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. तिच्याविषयी किंवा तेथील डॉक्टरांविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर दीड महिन्याने आमच्या घरात आलेल्या प्रोटीन पावडरीच्या डब्यांविषयी आणि ते डबे ज्या बाईंनी मला विकले त्यांच्याविषयी. त्यात माझे ४६,८०० रुपये गेले. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण शरीराचे जे नुकसान झाले ते भरून काढायला त्यापुढचे जवळजवळ वर्ष लागले. अशी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा करून घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

फसवणूक कशी झाली ते कळण्यासाठी आधी आमच्या पोटाची स्थिती समजून घ्यावी लागेल. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी ठेवली जाते आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला थेट जोडली जाते. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने ज्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, तो भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. पहिल्या काही महिन्यांत दिवसभरात ७०० ते ८०० कॅलरींपेक्षा अधिक अन्न पोटात जातच नाही. तेवढ्यातच किमान ६० ग्रॅम प्रथिने बसवावी लागतात, नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळू लागते. म्हणूनच आम्हाला प्रोटीन पावडर दिली जाते आणि म्हणूनच त्या पावडरीत काय आहे हा आमच्यासाठी चैनीचा प्रश्न नसतो. धडधाकट माणसाने निकृष्ट पावडर घेतली तर त्याचे पैसे वाया जातात, परंतु तो दोन पोळ्या जास्त खाऊन वेळ निभावून नेतो. आमच्या पोटात दुसऱ्या घासाला जागाच नसते. ज्याने आमच्या चमचाभर पावडरीत भेसळ केली, त्याने आमचे अख्खे जेवणच काढून घेतले, असे मी पूर्ण विचारांती म्हणते.

आम्ही कराडला राहतो. तपासणीसाठी पुण्याला जायचे म्हणजे घरातल्या एका माणसाचा दिवस मोडतो. एक महिन्याच्या तपासणीला गेले असताना रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात शेजारच्या बाकावर बसलेल्या एका बाईंनी स्वतःहून ओळख काढली. आपलीही हीच शस्त्रक्रिया झाली आहे, आता आपण ‘बॅरिॲट्रिक न्यूट्रिशन कोच’ म्हणून, म्हणजे अशा शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराबाबत, इतरांना मार्गदर्शन करतो, असे त्यांनी सांगितले आणि मोबाइलमधील आधीचे व नंतरचे फोटो दाखवले. त्यांच्या तोंडी पाऊच, प्युरी, डम्पिंग हे आमच्या शस्त्रक्रियेतले सगळे शब्द सहजपणे येत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला आणि त्यानंतर रोज येऊ लागला. “ताई, आज किती पाणी झालं? वजन किती भरलं?” अशी आस्थेने चौकशी घरात दुसरे कोणी करत नव्हते, कारण घरच्यांना या आहाराचे गणितच कळत नव्हते. माझा विश्वास बसला तो या विचारपुशीमुळे, हे येथे नमूद करते.

पंधरा दिवसांनी त्यांनी सहा महिन्यांचा संच सुचवला. दरमहा ७,८०० रुपये, सहाही महिन्यांची रक्कम आगाऊ. दर महिन्याला व्हॅनिला स्वादाच्या पावडरीचे ९०० ग्रॅमचे दोन डबे, ‘सर्वसमावेशक’ जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची एक बाटली आणि जिभेखाली घ्यायचे थेंब असा तो संच होता. पावडर रोज ३० ग्रॅमचे दोन चमचे घ्यायची आणि प्रत्येक चमच्यात २४ ग्रॅम प्रथिने, असे डब्यावर छापले होते. म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅमची सोय झाली आणि उरलेले जेवणातून मिळेल, असा हिशेब मी केला. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर गेले. पावती म्हणून साध्या कागदावर लिहिलेल्या रकमेचा फोटो आला आणि मी त्यावर समाधान मानले.

माझ्याकडून झालेली सर्वांत घातक गोष्ट यापुढची आहे. रुग्णालयाने मला कॅल्शियम सायट्रेटच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा, त्यांपासून किमान दोन तासांच्या अंतराने लोहाची गोळी, दररोज मल्टिव्हिटॅमिन, ड जीवनसत्त्व आणि दरमहा बी-१२ चे इंजेक्शन लिहून दिले होते. “एवढ्याशा पोटावर इतक्या गोळ्यांचा भार कशाला? आपल्या एका गोळीत सगळं आहे,” असे कोचबाईंनी सांगितले आणि मी बाकीच्या गोळ्या बंद केल्या. त्या एका गोळीत लोह होते ७ मिलिग्रॅम. आमच्यासारख्या, विशेषतः पाळी चालू असलेल्या स्त्रियांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लागते. कॅल्शियम होते २५० मिलिग्रॅम आणि तेही कार्बोनेटच्या रूपात, ज्याच्या शोषणासाठी जठरातले आम्ल लागते आणि आमच्या पिशवीत ते नावालाच असते. आमची गरज १,२०० ते १,५०० मिलिग्रॅमची असते. शिवाय लोह आणि कॅल्शियम एकाच गोळीत असल्याने ते एकमेकांचे शोषण अडवत होते. बी-१२ होते अवघे १ मायक्रोग्रॅम, जिथे तोंडाने घ्यायचे तर रोज किमान ३५० मायक्रोग्रॅम हवे. हे सर्व आकडे बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते. मी बँकेत नोकरी करते, दिवसभर आकडेच पाहते, तरीही ती बाटली एकदाही उलटून पाहिली नाही.

माझ्या शरीराने मात्र पहिल्या आठवड्यातच इशारा दिला होता. पावडर प्यायल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत छातीत धडधड सुरू व्हायची, अंगाला दरदरून घाम फुटायचा, पोटात कळ यायची आणि आडवे व्हावे लागायचे. हे डम्पिंग होते. साखर किंवा चटकन पचणारे पिष्टमय पदार्थ आमच्या पिशवीत न थांबता थेट आतड्यात उतरतात, तेथे पाणी ओढून घेतात आणि ही अवस्था होते. शुद्ध व्हे प्रथिनाने, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाने, सहसा असे होत नाही. त्या वेळी मी कोचबाईंना विचारले, तेव्हा “शरीर शुद्ध होत आहे, आठवडाभर सोसा,” असे उत्तर मिळाले. मी चमचे लहान केले, घोट-घोट घेऊ लागले आणि सोसले.

वजन झपाट्याने उतरत होते, त्यामुळे शंका टिकत नसे. पाच महिन्यांत ३६ किलो कमी झाले. दर सोमवारी वजनाचा आकडा कळवला की त्यांच्याकडून अभिनंदनाचा संदेश येई आणि तो आकडा त्या इतरांना नमुना म्हणून दाखवत. उतरलेल्या वजनात माझे स्नायूही होते, हे मला कळायला हवे होते. कुकरचे झाकण फिरवायला दोन्ही हात लागू लागले. पाटावर बसले की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. केस पुंजक्यांनी हातात येऊ लागले, तेव्हा “तिसऱ्या महिन्यानंतर सगळ्यांचेच गळतात,” असे सांगण्यात आले. ते अर्धे खरे आहे, कारण झपाट्याने वजन उतरले की काही काळ केस गळतातच. अशा अर्ध्या खऱ्या उत्तरांवरच त्यांचे सारे काम चालत होते.

जूनच्या शेवटी पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागली. थोरल्या बहिणीने नडगीवर अंगठा दाबला, तर पडलेला खळगा बराच वेळ भरलाच नाही. तिने त्याच रात्री पुण्याच्या गाडीचे तिकीट काढले.

रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिन ८.१, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) ६, अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिन) २.७ आणि बी-१२ १३८ असे आकडे आले, सगळेच कमी. बी-१२ चा शरीरातील साठा एरवी लवकर संपत नाही, पण मी जन्माची शाकाहारी आणि अनेक वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारी, त्यामुळे माझा साठा मुळातच तळाला गेला होता, असे डॉक्टरांनी समजावले. ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी त्यांनी थायमिन, म्हणजे बी-१, शिरेतून दिले. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. तो संपलेला असताना आधी ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले थायमिन त्यातच खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बायपास किंवा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या ज्या व्यक्तीला सतत उलट्या होत असतील, तिच्या घरच्यांनी गावातल्या दवाखान्यात सलाइन लावण्यापूर्वी शस्त्रक्रियेची कल्पना डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

पावडरीचा उलगडा रुग्णालयातील आहारतज्ज्ञ मॅडमनी केला. बहिणीने डबा बरोबर आणला होता. मॅडमनी तो हातात घेऊन मला घटकांची यादी मोठ्याने वाचायला सांगितली. पहिला शब्द होता माल्टोडेक्स्ट्रिन. वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे, म्हणजे डब्यात सर्वांत जास्त माल्टोडेक्स्ट्रिन होते, जो पिष्टापासून बनवलेला स्वस्त पदार्थ आहे. मग त्यांनी पेन काढून कागदावर लिहिले : ३० ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम प्रथिने असतील, तर ती ८० टक्के झाली, उरलेल्या २० टक्क्यांत बसणारा पदार्थ यादीत पहिला कसा येईल? दोन ओळींचे गणित होते. मी त्या कागदाकडे पाहत बसले आणि मला रडू आवरले नाही.

घरी आल्यावर बारावी विज्ञानात शिकणाऱ्या माझ्या मुलाने स्टीलच्या ताटलीत थोडी पावडर पाण्यात कालवून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. पांढरा लगदा क्षणात निळा-काळा झाला. म्हणजे त्यात सरळ पिठासारखे स्टार्चही मिसळलेले होते. (चॉकलेट स्वादाच्या पावडरीवर ही चाचणी करू नये, कारण कोकोमध्ये मुळातच स्टार्च असते, आणि चाचणीत रंग बदलला नाही म्हणजे पावडर चांगली, असेही समजू नये.) त्यानंतर आम्ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना दिला. १०० ग्रॅममध्ये प्रथिने निघाली १७.२ ग्रॅम. म्हणजे ज्या दोन चमच्यांतून मला रोज ४८ ग्रॅम मिळत आहेत असे मी समजत होते, त्यातून जेमतेम १० ग्रॅम मिळत होती. रोजची ३८ ग्रॅमची तूट म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम पनीर, जे माझ्या पोटात दिवसभरात मावणे त्या काळी शक्यच नव्हते.

डब्यावरील एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक चौदा अंकी होता, त्यामुळे खरा वाटत होता. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला, तेव्हा तो दुसऱ्या राज्यातील एका मसाला विक्रेत्याच्या नावावर निघाला. ही पडताळणी कोणालाही मोबाइलवरून फुकट करता येते आणि ती डबा उघडण्यापूर्वीच करावी. माझ्यासारख्या आणखीही अनेक जणी असणार, असे वाटण्याचे कारण म्हणजे २०२४ मध्ये केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी झाली आणि सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. ते डबे तर उघड बाजारातले होते.

कोचबाईंना अहवाल पाठवला, तेव्हा आधी “लॅब चुकली असेल,” असे उत्तर आले आणि दोन दिवसांनी त्यांचा नंबर बंद झाला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तेथे शुल्क लागत नाही. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा आला आणि दुसरा, सीलबंद डबा शिल्लक आहे का, हा. बिल नव्हतेच. सुदैवाने शेवटच्या महिन्याचा एक डबा उघडलेला नव्हता. उघडलेल्या डब्यात नंतर कोणी काय मिसळले हे सिद्ध करता येत नाही, म्हणून एक डबा शेवटपर्यंत सीलबंद ठेवा, आणि यूपीआयचे व्यवहार व संदेश पुसू नका.

आता मी रुग्णालयाच्या यादीतील पावडर औषधाच्या दुकानातून बिलासह घेते, दिवसाला एकच चमचा, आणि बाकीची प्रथिने स्वयंपाकघरातून मिळवते. सासूबाई सुरुवातीला प्रेमाने वरणाचे पाणी आणि भाताची पेज देत असत. त्यांत प्रथिने अगदीच थोडी असतात, हे त्यांना पटवायला थोडा वेळ लागला. आता त्या मुगाचे घट्ट वरण, दह्याचा चक्का, कुस्करलेले पनीर आणि भिजवून बारीक केलेल्या सोयाबीनच्या वड्या लोणच्याच्या वाटीतून देतात. आधी प्रथिनांचा घास, मग भाजी आणि जागा उरलीच तर पोळीचा तुकडा, हा क्रम आमच्या घरात सर्वांना पाठ झाला आहे. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. गोळ्यांच्या वेळा स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहिलेल्या आहेत आणि तीन महिन्यांनी होणाऱ्या रक्ततपासणीची तारीख लाल शाईने.

मागील तपासणीत अल्ब्युमिन ३.९ आणि हिमोग्लोबिन ११.८ आले. केस पुन्हा येत आहेत. डाव्या पायाची दोन बोटे मात्र अजून बधिर आहेत. तो सीलबंद डबा पंचनाम्यासह अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे जमा आहे आणि आयोगातील पुढील तारखेला मी बहिणीसोबत जाणार आहे.