पल्पमधलं सब्स्टन्स पी मोजायचा एलायझा किट: दोन प्लेट वापरून झाल्यावर

मी चिपळूणची. एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी दाताच्या नसेतलं, म्हणजे पल्पमधलं, सब्स्टन्स पी एलायझाने मोजतेय, म्हणजे प्रतिपिंडं वापरून रंगाच्या गडदपणावरून पदार्थाचं प्रमाण काढणाऱ्या चाचणीने. मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारं हे ११ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. दाढ सुजून ठणकायला लागली की पल्पमध्ये ते वाढतं.

किटची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे एका वेलला (९६ खळग्यांच्या प्लेटमधल्या एका खळग्याला) ५० मायक्रोलिटर नमुना पुरतो. ज्यांनी पल्प हाताळलाय त्यांना याचं मोल कळेल. रूट कॅनाल करताना बार्ब्ड ब्रोचला (बारीक काटेरी सुईला) गुंडाळून जो लालसर धागा येतो, तेवढाच आपला ऐवज. गुहागरकडच्या एक मावशी तीन रात्री झोपल्या नव्हत्या. ‘घे गो बाय, तुज्या कामाला येत आसंल तर,’ म्हणत त्यांनी संमतीपत्रावर सही केली. असा धागा वाया घालवायचा धीर होत नाही.

माहितीपत्रकावर मात्र माझा राग आहे. किट स्पर्धात्मक पद्धतीचा आहे, म्हणजे नमुन्यातलं सब्स्टन्स पी आणि किटमधलं रंग आणणारं सब्स्टन्स पी प्रतिपिंडाच्या त्याच जागांसाठी झगडतात. सब्स्टन्स पी जितकं जास्त तितका रंग फिका. ही गोष्ट आत कुठेतरी बारीक अक्षरात छापलीय. पहिल्या प्लेटला सुजलेल्या पल्पचे वेल फिके आणि तारा लावण्यासाठी काढलेल्या निरोगी प्रीमोलरचे गर्द पिवळे दिसले, तेव्हा नमुन्यांची अदलाबदल झाली असं वाटून माझ्या पोटात गोळा आला होता.

दुसरा किट जुलैत मागवला. तो २ ते ८ अंशांत राहायला हवा. खोका घाटात अडकला, हातात पडला तेव्हा जेल पॅकचं पाणी झालेलं. पुरवठादाराने बदलून दिला, पण तीन आठवडे घालवून. कोकणात पावसाळ्यात मागवूच नका.

प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी विकरं) रोखणारं मिश्रण किटमध्ये नसतं, वेगळं घ्यावं लागतं. त्याशिवाय नमुना बारीक वाटताना पेप्टाइड तुटतं. वाटण बर्फातच करा, मी मासळी बाजारातून लादीचा बर्फ आणते. स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचे द्राव) आणि ब्लँक (सब्स्टन्स पी नसलेला) दुहेरी, म्हणजे प्रत्येकी दोन वेलमध्ये, लावले की १६ वेल जातात, उरलेल्या ८० मध्ये तसेच दुहेरी ४० नमुने बसतात. तेवढे जमेपर्यंत ते उणे ८० अंशांला ठेवा. आणि आलेला आकडा एकूण प्रथिनांच्या दर मिलिग्रॅममागे मांडा, कारण कुठलेच दोन धागे सारख्या वजनाचे नसतात.

मावशींचा नमुना दुसऱ्या प्लेटवर होता. त्यांचे दोन्ही वेल सगळ्यांत फिके निघाले.