फ्रीझ-ड्राय पाकीट की कडक भाकरी?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या रानवाटांवर किंवा पलीकडे पारगडावर मुक्कामी जाणाऱ्यांसमोर शिदोरीचे दोन चांगले पर्याय असतात: फ्रीझ-ड्राय जेवणाची पाकिटे, नाहीतर ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

फ्रीझ-ड्राय पद्धतीत शिजवलेले अन्न गोठवून निर्वात कक्षात ठेवतात. तेथे बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते, त्यामुळे वाटाण्याचा दाणासुद्धा आकार न गमावता सच्छिद्र राहतो आणि उकळते पाणी ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मऊ होतो. पाकीट हलके असते व न फोडता वर्षानुवर्षे टिकते. मात्र वाचलेले वजन स्टोव्ह, इंधन आणि उन्हाळ्यात पाठीवरून न्याव्या लागणाऱ्या पाण्याच्या रूपाने परत येते, हे अनेकजण विसरतात. किंमतही बरीच असते.

भाकरीला विस्तव लागत नाही, आणि भीमगड अभयारण्यालगतच्या वाळलेल्या रानात ही फार मोठी जमेची बाजू आहे. फडक्यातली भाकरी मोडावी, चटणीवर तेल घ्यावे, जेवण तयार. पावसाळ्यात मात्र ती हवाबंद डब्यातच न्यावी, कारण कणकुंबीच्या दमट हवेत ती लवकर सादळते.

एक-दोन दिवसांच्या फेरीसाठी मी निःसंकोचपणे भाकरीच सुचवेन. हिमालयातील आठवडाभराच्या चढाईसाठी, जेथे स्टोव्ह न्यावाच लागतो, पाकिटे घ्यावीत.