जुलैत ८ टक्के

जुनी कॅम्पर व्हॅन (आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, म्हणजेच कॅराव्हॅन) घ्यायच्या विचारात असाल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. मी घेतली आणि फसलो. तेही बेसावध असताना नाही, चांगला ओल मोजायच्या मीटरकडे टक लावून बघत असताना.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ डोक्यात होतं. नवी बांधून घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुनी शोधत होतो. तळोजा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये सापडली. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, दोन बाक जोडले की पलंग, छोटासा ओटा आणि छतात उघडझाप होणारा झरोका. साडेनऊ लाख. मी मुद्दाम जुलैपर्यंत थांबलो होतो. म्हटलं, गळत असेल तर पावसात आपोआप कळेल. प्रत्यक्षात गाडी शेडखाली उभी होती आणि तिच्या टपावर टिपूसही पडत नव्हता. एवढं साधं तेव्हा सुचलं नाही.

विकणारा गोडबोल्या. ‘साहेब, तुम्ही विचारायच्या आधी मीच दाखवतो,’ म्हणत त्यानं खिशातून ओल मोजायचं मीटर काढलं, दोन सुयांचं. खिडकीखाली टेकवलं, ८. मागच्या कोपऱ्यात ७. दाराशी पुन्हा ८. मग मोबाइलवर तक्ता उघडून दाखवला. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनची ओल दर वर्षी तपासतात. १५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त, २० च्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय. ‘आपली तर आठच आहे, साहेब!’

आमची ही हळूच म्हणाली, “अहो, डांबराच्या गोळ्यांचा वास किती येतोय.” मी म्हटलं, बंद गाडी आहे, येणारच. बाकाखालचा खण उघडायला गेलो तर ‘त्यात गाद्या कोंबल्यात, नंतर बघा’ म्हणाला. मी नंतर बघायचं ठरवलं.

तक्ता खरा होता. मीटरही खरं होतं. खोट होती ती सुया टेकवायच्या जागेत. असं मीटर दोन सुयांमधून अगदी बारीक वीज सोडतं. लाकूड जितकं ओलं तितका विजेला होणारा विरोध कमी आणि आकडा मोठा. पण त्यासाठी सुया लाकडात रुतायला हव्यात. त्यानं त्या सनमायकावर नुसत्या टेकवल्या होत्या. सनमायका वीज जाऊ देत नाही. मागे प्लायचा चिखल झालेला असला तरी वर आकडा तळाशीच बसून राहतो.

आणि हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं, कारण त्यासाठी मीटर लागतच नाही. ज्या महिन्यात ठाण्यात मीठ पाझरतं, पापड सादळतात, बाथरूमचं दार फुगून बसतं, त्या महिन्यात प्लाय ८ टक्के? हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्के असली की लाकूड नुसती हवा पिऊन १६ ते १८ पर्यंत जातं, कुठेही गळत नसताना. विलायती १५ चा आकडा आपल्या पावसाळ्यात जसाच्या तसा लावता येत नाही, हा एक भाग. दुसरा असा की जुलैत कुणी ८ दाखवत असेल, तर तो लाकूड मोजतच नाहीये.

घोडबंदर रोडवर आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी दहा दिवस भिजली. आधी कुबट वास, मग मागच्या बाकाजवळची जमीन पायाखाली दबायला लागली. कळव्याच्या मिस्त्रींनी पटाशी घालून सनमायका उचकटली, तर आतली प्लाय चहात बुडवलेल्या टोस्टसारखी हातात आली. झरोक्याच्या कडेचं जुनं सिलिकॉन फाटलं होतं, त्यावरच नवं फासलेलं. पाणी पत्रा आणि प्लायच्या मधून थेट खाली. डाव्या खिडकीखालची सनमायका बाकीपेक्षा जराशी पांढरी होती, म्हणजे तो तुकडा नवा चिकटवलेला. मिस्त्री म्हणाले, “हे एका पावसाचं काम नाही साहेब, तीन-चार तरी खाल्लेत.”

फोन केला तर उत्तर तयार, ‘मीटर तुमच्यासमोरच लावलं होतं ना?’ स्टँप पेपरवर ‘जशी आहे तशी’ असं लिहिलेलं, खाली माझी सही. वकील मित्रानं कागद वाचला, परत दिला आणि चहा मागवला. दुरुस्तीला १ लाख ८५ हजार गेले.

आता माझ्याकडे स्वतःची दोन मीटरं आहेत. सुयांचं मी फक्त कोऱ्या प्लायवर लावतो. खणाच्या आत, कपाटाच्या पाठीला, स्विचची पट्टी काढून मागे. सनमायकावर बिनसुयांचं, ते न टोचता साधारण वीसेक मिलिमीटर आतपर्यंतचा अंदाज देतं. मात्र मागे पत्रा जवळ असला की उगाच फुगवून सांगतं, म्हणून एकट्या आकड्यावर जायचं नाही. गाडीतली खात्रीची कोरडी जागा आधी मोजायची, मग झरोका, खिडक्यांचे खालचे कोपरे, एसीचं भोक, जमिनीची कड. मधे १७ आणि कोपऱ्यात २६ आलं की पाणी तिथून येतंय. सगळीकडे सारखाच नीचांकी आकडा आला तर सुया कुठे टेकल्यात ते वाकून बघा. मीटर आपलं न्या, विकणाऱ्याचं हातात घेऊ नका. शक्य झालं तर गाडी शेडबाहेर काढायला लावून टपावर अर्धा तास पाइपनं पाणी सोडा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

आणि हो, बायको वासाबद्दल काही म्हणाली तर ऐका.

परवा रात्री धो धो पडत होता. खाली जाऊन बाकाखालच्या नव्या प्लायमध्ये सुया रुतवल्या. १७ आला. वर येऊन झोपलो.