हाडासाठी नॅनोफायबर: पीसीएल घ्यावं की कोळंबीच्या सालाचं कायटोसॅन?

हाड भरून यायला मदत करणारे नॅनोफायबर, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक धागे, प्रोजेक्टला घेतलेत, आता पॉलिमर कुठला घेऊ, असं आपल्या रत्नागिरीकडची एमएस्सीची पोरं विचारतात आणि मिरकरवाडा बंदरावर कोळंबी बघत वाढलेली असल्याने साहजिकच कायटोसॅनकडे झुकतात. मलाही ते मनापासून आवडतं, पण जरा थांबा.

पीसीएल, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, हे सिंथेटिक पॉलिमर आहे. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये, म्हणजे द्रावणाला मोठा विद्युतदाब देऊन धागा ओढताना, १५ केव्हीच्या आसपास सुईतून धागा छान सुटतो, त्या धाग्यांची शीट मऊ आणि चिवट येते, कात्रीने कापा नाहीतर चिमट्याने उचला, काही होत नाही. शरीरात जिरायला मात्र दोनेक वर्षं, कधी जास्तही. आणि खरी अडचण म्हणजे ते पाणी धरत नाही, शीटवर थेंब टाकून बघा, अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहतो, मग पेशी चिकटणार कशा? म्हणून त्यात नॅनो हायड्रॉक्सिअपॅटाइट घालायचं, हाडातलं खनिज त्याच जातीचं. वजनाने ५-१० टक्क्यांपासून सुरुवात करा, फार घातलं की गुठळ्या होतात आणि सुई तुंबते.

कायटोसॅनचं उलटं. पेशींना मानवतं, पण ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळलं की साखळ्यांवर पॉझिटिव्ह चार्ज येतो, त्या एकमेकींना ढकलतात आणि नुसत्या कायटोसॅनचा धागा धड निघत नाही, पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड) हे दुसरं पॉलिमर मिसळावं लागतं, वर क्रॉसलिंकिंग, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधणं, केलं नाही तर पाण्यात शीट फुगून लगदा होतो. त्यात आपली पावसाळी हवा! एका जुलैत माझी शीट नीट सुकलीच नाही, फॉइलला अशी चिकटली की नखाएवढा तुकडासुद्धा अखंड सुटला नाही. आणि साल स्वतः आणून कायटोसॅन काढलंत तर डीॲसिटायलेशन, म्हणजे सालातल्या कायटिनचे ॲसिटिल गट किती निघाले ते प्रमाण, दर बॅचला वेगळं येतं, मग रिझल्ट कशामुळे बदलला ते कळतच नाही.

तेव्हा जूनमध्ये सुरू करताय तर पीसीएल आणि हायड्रॉक्सिअपॅटाइटच घ्या. कायटोसॅनला दिवाळीनंतर हात घाला, तेही आधी विकतचं, डीॲसिटायलेशनचा आकडा छापलेलं, मग मिरकरवाड्याचं त्याच्या शेजारी ठेवून बघा.

एक मात्र गाइडला आधीच सांगून ठेवा, दोन्हीपैकी कुठलीच शीट मांडीच्या हाडाचा भार पेलणार नाही, जबड्याच्या हाडावर पडदा म्हणून लावायच्या कामाचीच ती, त्यामुळे ताकदीच्या टेस्टमध्ये महिने घालवू नका, तुकडे एसबीएफमध्ये, म्हणजे रक्तातल्यासारखे क्षार असलेल्या द्रावणात, ३७ डिग्रीला ठेवा आणि अपॅटाइटचा, म्हणजे हाडासारख्या खनिजाचा थर कोणावर आधी चढतो ते बघा.