कर सल्लागाराच्या टेबलावर एआय सहायक: मे ते फेब्रुवारीचा अनुभव

सांगलीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि मदतीला दोन मुली. पार्ट्या बहुतेक व्यापारी: मार्केट यार्डातले हळदीचे अडते, दोन-चार मेडिकल दुकानं, हार्डवेअरवाले, एक मंगल कार्यालय, आणि रिटर्नपुरते येणारे पगारदार. मे २०२५ पासून ऑफिसच्या आणि घरच्या कामांचं नियोजन मी एआय सहायकाच्या मदतीने करते आहे. कोणता सहायक, ते मुद्दाम लिहीत नाही. ही अ‍ॅप्स सारखी बदलत असतात, आज लिहिलेला फरक दोन महिन्यांनी राहत नाही. बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. रोजचं वेळापत्रक आखून घ्यायला हे घेणार असाल, तर फार आशा ठेवू नका. दुसऱ्यांकडे अडकलेली कामं सांभाळायला घेणार असाल, तर मात्र जरूर घ्या. माझ्यासारख्या धंद्यात तर फारच उपयोग आहे.

आमचा महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला कर, भरायचा; ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न, तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्या तिमाहीवाल्यांचं १३ ला; २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं जीएसटी रिटर्न, तिमाहीवाल्यांचं ३बी महाराष्ट्रात २२ ला. शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला आगाऊ आयकर, म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्स. या तारखा आम्हाला झोपेतही पाठ असतात, त्यासाठी एआय कशाला हवा? अडचण वेगळीच असते. माझा दिवस कसा जाणार हे कोणाचे कागद कधी येतात त्यावर ठरतं. बँक स्टेटमेंट आलं की खरेदीची बिलं नसतात. बिलं आली की एका बिलावर जीएसटी नंबर चुकीचा असतो. तो दुरुस्त व्हायला पुढच्या पार्टीच्या अकाउंटंटला फोन, आणि तो नेमका रजेवर. काम माझ्या नावावर असतं, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

सहायकाला हे आपोआप कळत नाही. सुरुवातीला मी कामं सांगायचे आणि तो सुरेख तक्ता करून द्यायचा. दहा ते साडेदहा मेडिकलचा ताळमेळ, साडेदहा ते सव्वाअकरा हार्डवेअरचं ३बी, मग दहा मिनिटं विश्रांती. बघायला छान वाटायचं. प्रत्यक्षात अकरा वाजता मी मेडिकलच्याच बिलांत असायची.

मेडिकलचं उदाहरण नीट सांगते, कारण त्यातून बरंच लक्षात येतं. १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी. ती दुकानाच्या खरेदीशी जुळवायची. मेडिकलमध्ये मुदत संपलेली औषधं स्टॉकिस्टकडे परत जातात आणि स्टॉकिस्ट त्याची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद, काढतो. ती २बीमध्ये दिसते, पण दुकानदाराने खात्यात घेतलेली नसते. मग एकेक नोट घेऊन फोन: ही कुठल्या मालाची, कुठल्या महिन्याची, रक्कम कापून आली का? हे काम अर्ध्या तासाचं नाही. सहायक मात्र "ताळमेळ" हा शब्द बघून अर्धा तास टाकून मोकळा होतो.

यात दोष एकट्या यंत्राचा नाही. माणसंही असेच अंदाज बांधतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडलं होतं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा, आणि लागले ५५ च्या वर. त्यावरचा उपायही साधा आहे: पुढचा अंदाज करताना मागे खरोखर किती वेळ लागला ते बघायचं. हे मात्र सहायकाकडून उत्तम होतं. काम सुरू करताना आणि संपवताना मी फोनवर एक वाक्य बोलते, "मेडिकल एकचं २बी सुरू", "मेडिकल एकचं २बी संपलं, चार नोटा बाकी". (मेडिकल एक म्हणजे पहिलं मेडिकल दुकान; पार्ट्यांची खरी नावं मी सांगत नाही.) दोन-तीन महिने हे केल्यावर त्याच्याकडे माझ्या कामांचे खरे वेळ जमा झाले. आता मेडिकल म्हटलं की तो अख्खी सकाळ मोकळी ठेवतो आणि १५ च्या आधी ते काम लावतच नाही, कारण २बी त्याआधी हातात नसतं. हा नियम मी एकदा सांगितला होता, तो आजवर पाळतोय.

खरा फायदा झाला तो दुसऱ्या यादीचा. आमच्या ऑफिसात तिला "अडकलेलं" म्हणतात. संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या आधी मी मराठीतच बोलत जाते, जसं सुचेल तसं: "हार्डवेअरचं जुलैचं स्टेटमेंट आलं, पण दुसऱ्या खात्याचं नाही. मंगल कार्यालयाची लाइट बिलं यायचीत. हळद तीनचे फोन लागत नाहीत. सासूबाईंचा एक्स-रे आणायचाय." तो ते सगळं वेगळं करतो: कोणाकडून काय यायचं, कधी मागितलं होतं, कोणत्या तारखेच्या आत हवं. सकाळी मी एवढंच विचारते की आज कोणाला हलवायचं. उत्तरात चार-पाच नावं येतात, आणि प्रत्येकापुढे कारण. पूर्वी हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. रात्री जेवताना आठवायचं की अमक्याला फोन राहिला. ते आता जवळजवळ बंद झालंय, आणि मला विचाराल तर पैसे देण्याजोगी गोष्ट हीच.

मराठी बोललेलं कळतं का, हा प्रश्न हमखास येतो. कळतं. पावणेपाच, साडेअकरा, पुढच्या सोमवारी, संकष्टीच्या आदल्या दिवशी, हे बहुतेक वेळा बरोबर घेतो. संकष्टीची तारीख मात्र कॅलेंडरमध्ये बघून घ्यावी, त्याच्या भरवशावर राहू नये. ऑफिसात पंखा आणि प्रिंटर चालू असेल तर रकमा चुकीच्या ऐकतो, म्हणून रकमा मी टाइपच करते.

पार्ट्यांना आठवण करायचे मेसेज तो लिहून देतो. पहिले मसुदे वाचून मी थक्क झाले होते: "आदरणीय ग्राहक, कृपया आपले आवश्यक दस्तऐवज त्वरित सादर करावेत." असा मेसेज गेला तर यार्डातला माणूस म्हणेल, मॅडमना काय झालं? मग मी माझे स्वतःचे जुने मेसेज त्याला दाखवले, आणि कोणाला शेठ म्हणायचं, कोणाला काका, कोणाला नुसतं दादा, ते सांगून ठेवलं. आता असा येतो: "शेठ, नमस्कार. डिसेंबरची खरेदी बिलं अजून आली नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत मुलाकडून पाठवली तर २० च्या आत रिटर्न जाईल. नंतर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि कराच्या रकमेवर १८ टक्के व्याज लागतं." हा मी जसाच्या तसा पाठवते. वेळसुद्धा ठरवून दिली आहे. हळदीचा हंगाम सुरू झाला की सकाळी सौद्याच्या वेळी अडत्याला मेसेज करून उपयोग नसतो, दुपारचं जेवण झाल्यावर तो फोन बघतो. ही माहिती एका ओळीची, पण तिच्यामुळे उत्तरं लवकर येऊ लागली.

आता तारखांबद्दल. इथे सावध राहा. २०२५ मध्ये मुदती किती वेळा हलल्या ते या धंद्यातल्या सगळ्यांना आठवत असेल. ऑडिट नसलेल्यांच्या आयकर रिटर्नची ३१ जुलै १५ सप्टेंबरवर गेली, आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस मिळाला. टॅक्स ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबर आधी ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर. सप्टेंबरच्या ३बीची २० ऑक्टोबर तर ऐन नरक चतुर्दशीला आली होती. दोन दिवस आधी आदेश निघाला आणि ती २५ वर गेली. सहायकाला जूनमध्ये विचारलं तर त्याने ठामपणे ३१ जुलै सांगितली, तेव्हा मुदतवाढ जाहीर होऊन बरेच दिवस झाले होते. इंटरनेटवर शोधून उत्तर दे म्हटलं की सुधारतो, पण कधी जुन्या बातमीवरची तारीख उचलतो. त्यामुळे आमच्याकडे तारीख पोर्टलवरूनच घ्यायची आणि सहायकाला आपण सांगायची, उलट कधीच नाही.

एकदा खरी तारीख दिली की पुढचं काम मात्र तो फार छान करतो. ३० सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर झाली तेव्हा सगळ्या ऑडिटच्या कामांची फेरमांडणी करायला मला पूर्वी अर्धा दिवस लागला असता. त्याने ती काही मिनिटांत मांडली, दिवाळीचे दिवस वगळून. फक्त त्याला मुदत वाढली म्हणजे कामही तितकंच पुढे न्यायचं असं वाटतं. म्हणून मी प्रत्येक सरकारी तारखेच्या पाच दिवस आधीची "ऑफिसची तारीख" ठेवली आहे, आणि नियोजन त्याच तारखेवर करायला सांगते.

आणखी दोन खोडी आहेत. पहिली, तो नाही म्हणत नाही. सहा कामं सांगा, सहा लावतो. दहा सांगा, दहा लावतो, जेवणाची सुट्टी कमी करून. त्यावर मी नियम दिला: दिवसाला तीनच मोठी कामं, चौथं सांगितलं तर यातलं कोणतं काढू, असं मलाच विचारायचं. हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतो आणि मला खरोखर थांबवतो. दुसरी खोड जास्त गंभीर. "आठवण लावली आहे" असं तो सांगतो, आणि कॅलेंडर उघडून बघावं तर तिथे काहीच नसतं. त्यामुळे चुकवून चालणार नाही अशी प्रत्येक गोष्ट कॅलेंडरमध्ये डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. भिंतीवरचं कॅलेंडरही आम्ही काढलेलं नाही.

घरच्या बाजूला उपयोग थोडा कमी, पण आहे. मुलगा यंदा दहावीला. सासूबाईंची फिजिओथेरपी, गॅस, पाणी, बाहेरगावची लग्नं. हे सगळं ऑफिसच्या यादीतच ठेवते, कारण दिवस एकच असतो. १५ ते २० या दिवसांत घरचं कोणतंही जास्तीचं काम लावायचं नाही, हे त्याला माहीत आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांची पुढची वेळ ठरवताना तो स्वतःहून म्हणाला की १८ ऐवजी २३ बघा. हे मला आवडलं. मुलाचं अभ्यासाचं वेळापत्रक मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका. मुलाने स्वतः कागदावर लिहिलेलं मुलगा पाळतो, यंत्राने दिलेलं पाळत नाही.

गुप्ततेबद्दल मी कडक आहे. पॅन, आधार, पासवर्ड, बँक खातं, यातलं काहीही त्यात टाकत नाही. पार्ट्यांची खरी नावंही नाहीत: मेडिकल एक, हळद तीन, असंच. नावांची यादी टेबलाच्या खणात वहीत आहे. आपलं बोलणं मॉडेल शिकवायला वापरू देण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो पहिल्याच दिवशी बंद करावा. लोक आपल्याकडे विश्वासाने कागद देतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर ही जबाबदारी कागदोपत्रीही लिहिलेली आहे. ऑफिसातल्या मुलींनाही हे मी लिहून दिलंय.

खर्चाचं म्हणाल, तर सुरुवात फुकटात होते. चॅटजीपीटीचा गो प्लॅन भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांना आला, आणि ४ नोव्हेंबरपासून त्यांनी ठरावीक काळात नाव नोंदवणाऱ्यांना तो वर्षभर मोफत द्यायला सुरुवात केली. जिओने त्याच सुमारास पात्र ग्राहकांना जेमिनायचा प्रो प्लॅन १८ महिने मोफत देण्याचं जाहीर केलं. अशी कोणतीही मोफत योजना घेताना ती कधी संपते ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका, ऑटोपे चालू राहिलेलं असतं. माझ्या कामाला फुकटचा प्लॅन बराच काळ पुरला. ऑडिटच्या दिवसांत मर्यादा आड यायला लागली, तेव्हा पैसे भरले.

एकट्याने काम करणाऱ्या वकिलाला, घरगुती डबे देणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या सेक्रेटरीला मी हे सुचवेन, कारण त्यांचीही कामं दुसऱ्यांकडे अडकतात. ज्यांचं काम नेमून दिलेलं आणि स्वतःच्याच हातातलं आहे, त्यांना साधी वही पुरेल.

सध्या मार्चची तयारी चालू आहे. अ‍ॅडव्हान्स टॅक्सची १५ मार्च २०२६ मध्ये रविवारी येते. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, हे मी सहायकाला मागे कधीतरी सांगितलं होतं. परवा यादी करताना त्याने स्वतःच दाखवलं की १४ मार्च हा दुसरा शनिवार आहे, तेव्हा जे अजून बँकेत जाऊन चलन भरतात त्यांचं काम शुक्रवारी १३ लाच संपायला हवं. अशा पार्ट्या माझ्याकडे मोजक्याच आहेत, सगळे वयस्कर. त्यांना सोमवारपासून फोन करायला घेतेय.