ट्रक चालवायचा की लोको शेडमध्ये पाना धरायचा?

ट्रक सोडून रेल्वे इंजिनांच्या दुरुस्ती शेडमध्ये (लोको शेड) मेकॅनिक व्हावं का, हा प्रश्न कुणा ड्रायव्हरने विचारला की मी आधी वय विचारतो. पगार, शिफ्ट, पेन्शन हे सगळं नंतर. रेल्वेच्या टेक्निशियन ग्रेड तीनच्या (शेडमधल्या मेकॅनिकच्या पदाच्या) भरतीत खुल्या गटाला साधारण 30 वर्षांची मर्यादा असते. ओबीसींना 3 आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 वर्षांची सवलत मिळते. एखाद्या भरतीत मर्यादा वाढवून देतात (2024 साली 33 होती), पण त्या भरवशावर आयुष्य आखू नये. ॲक्ट अप्रेंटिसचं, म्हणजे रेल्वेतल्या शिकाऊ उमेदवारीचं दार तर खुल्या गटाला 24 व्या वर्षीच बंद होतं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात चहा पिताना हा बेत करणारा पस्तिशीचा असेल, तर घोरपडीच्या डिझेल शेडचा विषय तिथेच संपला. त्याच्यासाठी वेगळा रस्ता आहे, त्याकडे शेवटी येतो.

वय बसत असेल तर पुढची पायरी दहावी आणि आयटीआय. मेकॅनिक डिझेलचा ट्रेड एका वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. आयटीआयला कमाल वयाची अट नाही, त्यामुळे औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी अठराच्या पोरांशेजारी बसायला लाज वाटत नसेल तर अडचण नाही. खरी अडचण हजेरीची. आठ दिवस बेंगळुरूच्या फेरीवर राहून आयटीआय होत नाही. म्हणजे एक-दोन वर्षं लांबची भाडी बंद, जमलं तर चाकण-भोसरीत रात्रीची जवळची भाडी. घरखर्च आणि हप्ते यांचं गणित त्याआधी घरात बसून मांडा.

त्यानंतर परीक्षा. 100 प्रश्न, 90 मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. पेपर मराठीतही देता येतो. सामान्य विज्ञान आणि गणितावरच मोठा भर असतो. दहा वर्षं खंबाटकी घाट उतरलात म्हणून एक गुणही जास्त मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे. निवड झाली तरी पुणेच मिळेल असं नाही. कल्याण किंवा भुसावळही मिळू शकतं.

आता कामाकडे. इथे ट्रकवाल्यांचा अंदाज हमखास चुकतो. ‘इंजिन ते इंजिन, फक्त मोठं’ असं त्यांना वाटतं. डब्ल्यूडीजी-4 या मालगाडीच्या इंजिनाला 16 सिलिंडर आणि 4000 ते 4500 हॉर्सपॉवर ताकद. एकेका सिलिंडरची क्षमता 11 लिटरच्या पुढे. तुमच्या ट्रकचं सहा सिलिंडरचं आख्खं इंजिन त्याच्या निम्म्याच्या आसपास भरेल. पण आकारापेक्षा मोठा फरक असा की इथे क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, प्रॉपेलर शाफ्टही नाही. डिझेल इंजिन अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) फिरवतं आणि त्या विजेवर ॲक्सलजवळच्या, चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर चालतात. थोडक्यात ते रुळांवरचं वीजघर आहे, आणि बिघाड शोधताना वायरिंगचा नकाशा वाचता आला नाही तर नुसता पाना काय कामाचा?

ब्रेकचंही तसंच. ट्रकमध्ये पेडल दाबलं की हवा चेंबरमध्ये जाऊन ब्रेक लागतो. रेल्वेगाडीच्या ब्रेक पाइपमध्ये मात्र 5 किलोचा दाब कायम भरलेला असतो आणि तो उतरला की ब्रेक लागतो. म्हणून डबे तुटून वेगळे झाले तरी आपोआप थांबतात.

तरीही ड्रायव्हरचा कान वाया जात नाही. टर्बोची शिट्टी बदलली, धूर काळ्याचा पांढरा झाला, ऑइलला डिझेलचा वास येऊ लागला, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही. शेडमध्ये त्याच्या जोडीला प्रयोगशाळा असते: ऑइलचा नमुना तपासून त्यात तांबं, लोखंड किती उतरलंय ते बघतात, आणि कुठली बेअरिंग झिजतेय याचा अंदाज इंजिन उघडण्याआधीच येतो.

पैशाची तुलना करताना ट्रकची कमाई महिन्यावर मोजू नका, तासावर मोजा. पगार, भत्ता, फेरीमागची रक्कम एकत्र करा. त्यातून रस्त्यावरचं जेवण आणि स्वतःच्या खिशातून भरलेली ई-चलनं वजा करा. मग लोडिंगच्या रांगेत आणि नो एंट्री सुटायची वाट बघण्यात गेलेल्या तासांसकट भागाकार करा. आकडा बहुधा बोचेल. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे टेक्निशियन ग्रेड तीनचं मूळ वेतन 19,900. निम्म्याहून जास्त महागाई भत्ता आणि पुण्यासाठीचा 30 टक्के घरभाडे भत्ता धरला तर कपातीआधी 35 हजारांच्या पुढे जातं. आठव्या आयोगानंतर हे आकडे बदलतील. शिवाय रेल्वेचे पास, दवाखाना. शिफ्ट रात्रीचीही असते, कपडे ट्रकपेक्षा जास्त काळे होतात, पण सकाळी माणूस घरी येतो.

डिझेलला भविष्य आहे का? पुणे-मुंबई मार्गावर वीज 1929 पासून आहे, आता मिरज-कोल्हापूरकडेही विजेवरच गाड्या धावतात. देशातलं जवळपास सगळं ब्रॉडगेज जाळं विद्युतीकृत झालंय आणि घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये इलेक्ट्रिक इंजिनंही सांभाळली जातात. त्यामुळे मी पंचविशीतल्या ड्रायव्हरला मेकॅनिक डिझेल घे असं सांगणार नाही. वर्ष जास्त गेलं तरी इलेक्ट्रिशियन घे. ट्रॅक्शन मोटर डिझेल इंजिनातही असते आणि इलेक्ट्रिकमध्येही.

आणि पस्तिशीच्या पुढच्यांनी? त्यांना मेकॅनिक डिझेलच ठीक, कारण खासगीत वयाची अट एवढी कडक नसते. पुणे हे डिझेल इंजिनांचंच गाव: खडकीत किर्लोस्कर, कोथरूडला कमिन्स. कारखाने, दवाखाने, सोसायट्यांच्या जनरेटरची देखभाल करणाऱ्या सर्व्हिस एजन्सींना, बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) ट्रकचे सेन्सर समजणाऱ्या वर्कशॉपना माणसं लागतात. सुरुवातीचा पगार रेल्वेपेक्षा बराच कमी असू शकतो, पण तिथे तुमची ड्रायव्हिंगची वर्षं निदान कुणी विचारात घेतं.

कुठलाही रस्ता धरा, हेवी लायसन्स मरू देऊ नका. त्याची मुदत 5 वर्षांची असते. संपून वर्ष उलटलं की नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.